थडी म्हणायचं, घाट नाही

त्या गावात भाऊंचं नाव काढलं की लोक आजही तोंड फिरवतात. 'दलाल होता तो,' म्हणतात. 'नकाशे काढता काढता आमची नदी विकली त्यानं.' भाऊंना जाऊन दोन वर्षं होतील. मेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द बोलायची आपल्याकडे रीत आहे, पण भाऊंपुरती त्या गावानं ती मोडली. गावाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गावाला जेवढं ठाऊक आहे तेवढ्यात त्यांचा राग बरोबरच आहे. ठाऊक नाही ते मला ठाऊक होतं, आणि ते मी गिळून बसलो होतो.

भाऊ आमच्या ऑफिसात अनुरेखक होते. म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कागद अंथरून शाईनं रेघ न् रेघ उतरवणारा माणूस. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिले तीन महिने त्यांनी मला नकाशाला हात लावू दिला नाही. रोज नुसती अक्षरं गिरवायला लावली. क चं पोट इतकंच, घ ची गाठ इतकीच. मी पदवीधर होतो, मला राग यायचा. एकदा म्हटलं, भाऊ, हे बालवाडीचं काम किती दिवस? तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "रेघ चुकली तं चालते रे. अक्षर चुकलं तं माणूस दुसऱ्याच गावाले जाते."

नदीची रेघ काढायची वेळ आली की भाऊंचं देवपूजेसारखं चालायचं. पंखा बंद. मे महिन्यात, नागपुरात, पंखा बंद! कारण वाऱ्यानं कागद हलतो. मग श्वास रोखून एका दमात रेघ ओढायची. नदीवर पेन उचललं तर ती नदी मेली, असा त्यांचा कायदा. एकदा मोठे साहेब काहीतरी विचारायला आत आले आणि भाऊंनी डावा हात वर करून त्यांना दारातच उभं केलं. साहेब घामानं निथळत पाच मिनिटं उभे राहिले. रेघ संपली तेव्हा भाऊ म्हणाले, "हं, बोला." त्या वर्षी त्यांची बढती अडली. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही, उलट बरं झालं म्हणाले, वरच्या टेबलावर उजेड कमी आहे.

फार गोड माणूस होता असं समजू नका. कौतुक म्हणून कधी केलं नाही. डबा कोणाला विचारला नाही. नकाशाची घडी घालणाऱ्याशी आठ-आठ दिवस बोलत नसत. मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, हा गृहस्थ तासभर उशिरा पोचला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाला ओली रेती. व्याही मंडळी बघतच राहिली. का उशीर झाला, तर म्हणे अंड्यांतून पिल्लं निघून राहिली होती, टाकून कसं येऊ? वहिनी त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. मला त्या वेळी हसू आलं होतं. आता वाटतं, त्या बाईनं काय काय सोसलं असेल.

ती रेती कुठली, ते सांगतो.

नागपूरपासून दीड-दोन तासांवर एका नदीला मोठं वळण आहे. नदीचं नाव मी लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. पलीकडचा काठ जंगलाचा. तिकडून यायचं तर नाक्यावर चिठ्ठी लागते, एका वेळी पाच माणसं, आणि होळीनंतर तीही बंद. अलीकडचा काठ त्या गावाचा. इकडून रस्ता नाही, शेतांच्या बांधाबांधानं अर्धा कोस चालत जावं लागतं. मधे रेतीचं एक लांबलचक पांढरं बेट. उन्हाळ्यात नदी आकसली की तिथे पिवळ्या चोचीची, काळ्या टोपीची पाखरं येत आणि उघड्या रेतीवर अंडी घालत. घरटं नाही, काडी नाही. खड्ड्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी, गोट्यांत गोटे. पाय पडला तरी कळायचं नाही.

वळणाच्या डोहापाशी शेंदूर लावलेले सात गोटे होते, साती आसरांचे, पाण्यातल्या सात देवींचे. म्हणून गावकरी त्या जागेला आसरांची थडी म्हणायचे. थडी म्हणजे काठच. पण भाऊंच्या तोंडी तो शब्द साधा नव्हता. आम्हा ऑफिसवाल्यांपैकी कोणाकोणाला ते वर्षाकाठी एकदा तिथे नेत, आणि नेण्याआधी बसस्टँडवरच कायदे सांगत. चपला शेवटच्या बाभळीखाली काढायच्या. रेतीवर त्यांच्या पावलावर पाऊल टाकून चालायचं, इकडेतिकडे नाही. खायचं ते झाडीतच खाऊन घ्यायचं, रेतीवर दाणा पडला तर कावळे येतात. आणि जागेला थडी म्हणायचं. घाट म्हणायचं नाही.

या शेवटच्या कायद्यावर आम्ही मागून खूप हसायचो. एकदा त्यांचे एक ओळखीचे बँक मॅनेजर हट्टानं सोबत आले. ऊन, बांध, काटे, सगळं सोसून बिचारा बाभळीपर्यंत पोचला. समोर ती पांढरी रेती, निळं पाणी. तो खूश होऊन म्हणाला, वा, काय मस्त घाट आहे हो! भाऊ थांबले. छत्री मिटली. म्हणाले, "तुम्ही इथंच बसा. आम्ही येतो दोन घंट्यानं." आम्हाला वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती. तो मॅनेजर दोन तास बाभळीखाली चपलांची राखण करत बसला आणि परतीच्या बसमध्ये कोणाशी बोलला नाही.

मी विचारलं होतं, काहून एवढं? ते म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात घाट म्हनलं का पुढं लिलाव येते."

खरंच होतं ते. बाकी महाराष्ट्रात घाट म्हटलं की पायऱ्या असतात, नाही तर डोंगरातला नागमोडी रस्ता. आमच्याकडे कागदावर घाट म्हणजे रेतीघाट. रोज पेपरात वाचतो आम्ही, अमुक घाट गेला, तमुक घाटाची बोली लागली. शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. भाऊंनी स्वतःच्या हातानं उतरवलेल्या नकाशात त्या वळणावर नुसती रेघ होती. ना बेट, ना डोह, ना नाव. जागेवर जाऊन पडताळायला त्यांनाच पाठवलं होतं. साहेबानं विचारलं तर म्हणाले, मी पाह्यलं तवा पूर होता, काई दिसलं नाई. खोटं बोलताना त्यांचा चेहरा एकदम सरकारी व्हायचा. आम्हाला मात्र एक वाक्य हजारदा ऐकवलं: "कागदावर आलं का खोदल्या जाते."

त्या रेतीवर अजून एका माणसाचा हक्क होता. कौसाबाईचा. जातीनं ढीवर, नवरा डोंग्यात मासे धरायचा, तो लवकर गेला. ही बाई दर उन्हाळ्यात बेटाच्या खालच्या टोकाला डांगरवाडी लावायची. रेतीत खड्डे करून, खत घालून, घागरीनं पाणी देऊन टरबुजं काढायची. वर्षाचं मीठमिरची त्यावर निघायचं. भाऊंचा आणि तिचा करार होता. वरचं टोक पाखरांचं, खालचं तिचं, आणि मधे तिनं बोरीच्या काट्यांचा फास, कुंपणासारखा, टाकायचा म्हणजे कुत्रे वर जाणार नाहीत. बदल्यात भाऊ तिला काय देत? काही नाही. येताना गांधीबागेच्या बाजारातून मजबूत सुतळी आणत, कुंपणाचे काटे बांधायला, बस्स. ती त्यांना 'नकाशेवाले' म्हणायची. तिचं पहिलं टरबूज आसरांना आणि दुसरं भाऊंना. ते एवढं ओझं खांद्यावर घेऊन बांधाबांधानं बसपर्यंत येत. आम्हाला उचलू देत नसत.

आता माझं सांगतो.

भाऊ निवृत्त झाले, नागपूरच्या टोकाला बेस्याला राहायला गेले. ऑफिसात संगणक आले, अनुरेखक हे पदच गेलं, मी त्यातल्या त्यात शिकून टिकलो. अशात वरून एक छापील फॉर्म आला. नदीकाठची जतन करण्याजोगी स्थळं कळवा म्हणून. मला वाटलं, देवच पावला. तिथे फलक लागेल, राखणदार बसेल, बाहेरच्यांना चिठ्ठीशिवाय येता येणार नाही. मी धावत बेस्याला गेलो. भाऊंनी फॉर्म हातातसुद्धा घेतला नाही. "राहू दे," म्हणाले. मी वाद घातला. म्हटलं, भाऊ, तुम्ही किती दिवस पुरणार? तुमच्यामागं कोण पाहीन त्याले? ते गप्प बसले. मी त्या गप्प बसण्याचा अर्थ मला हवा तसा लावला.

रात्रभर विचार-बिचार काही केला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून वळणदार अक्षरात फॉर्म भरला. गाव, तालुका, पाखरं, डोह, सगळं. स्थळाचं नाव या रकान्यात आधी 'आसरांची थडी' असंच लिहिणार होतो. मग वाटलं, थडी काय थडी? किती खेडवळ दिसतं. वरचा साहेब पुण्यामुंबईचा असला तर हसेल. त्यापेक्षा भारदस्त काहीतरी पाहिजे, काशीबिशीसारखं. आणि मी लिहिलं: आसरा घाट.

अहो, वीस वर्षं ज्या माणसानं एक शब्द तोंडात येऊ दिला नाही, तो शब्द मी शोभेसाठी लिहिला. सकाळी पेपरात रेतीघाटांच्या लिलावाची जाहिरात वाचून ऑफिसात आलो होतो, तरी लिहिला. शिकलेल्या माणसाच्या अकलेला कुठे खीळ बसेल, सांगता येत नाही बापा.

एवढ्यावर थांबलो असतो तरी अर्धं पाप कमी झालं असतं. खाली एक रकाना होता, 'माहिती देणाऱ्याचे नाव'. तिथे मी भाऊंचं नाव टाकलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मला वाटलं, या माणसाचं आयुष्यभर कुठे नाव आलं नाही, एकदा तरी यावं.

तो फॉर्म कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर गेला, कोणी घाट हा शब्द वाचून तो भलत्या यादीत टाकला, मला माहीत नाही. मुद्दाम कोणी केलं असेल असंही मला वाटत नाही. जो तो आपापल्या शब्दानं काम करतो. वर्ष-दीड वर्षानं यादी आली. त्यात आसरा घाट होता. आता घाट आहे म्हणजे रेती आहे, आणि रेती आहे म्हणजे बोली आहे. ग्रामपंचायतीत कागद वाचला गेला तेव्हा लोकांनी विचारलं, हे नाव दिलं कोणी? कागदावर नाव होतं. भाऊंचं.

होळीनंतर पोकलेन नदीत उतरलं. ज्या रेतीवर आम्ही पावलावर पाऊल ठेवून चालायचो तिच्यावरून टिप्पर गेले. कौसाबाईचे वेल फुलावर आले होते. तिला म्हणे आधी सूचना दिली होती. तिला वाचता येत नाही.

मी ऐकलं त्या संध्याकाळी बेस्याला गेलो. भाऊ व्हरांड्यात बसले होते, समोर त्या फॉर्मची झेरॉक्स. गावातल्या कोणीतरी येऊन तोंडावर फेकून गेला होता. मी समोर उभा राहिलो. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि घ च्या गाठीवर बोट ठेवलं.

"अक्षर चांगलं आलं तुयं," म्हणाले.

आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, तेव्हा हे वाक्य ऐकायला जीव टाकत होतो. त्या दिवशी मिळालं. मी रडायलाच लागलो. म्हटलं, भाऊ, नाव मान म्हणून टाकलं होतं. ते हसले. मग म्हणाले चहा घे. मी म्हटलं, मी उद्याच गावात जातो, सांगतो, चूक माझी आहे म्हणून. त्यांनी मान हलवली. "तू सांगशीन तं तुयी नोकरी जाईन. रेती तं गेलीच हाये."

ते असं म्हणतील याचीच मी वाट पाहत होतो. हे आज कबूल करतो. त्यांनी नको म्हटलं आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी चहा प्यालो, दोन बिस्किटं खाल्ली, आणि घरी जाऊन नीट झोपलो.

त्यानंतर भाऊंनी मला नदीवर कधी नेलं नाही. न्यायला उरलंच काय होतं! बेस्यात तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या. त्यांच्या गल्लीतही रेतीचे ढीग पडायचे. भाऊ सकाळी जाऊन त्या ढिगाशी उकिडवे बसत आणि हातानं रेती चाळत. शिंपले वेचत. कोणता ढीग आपल्या नदीचा, हे ते शिंपल्यावरून ओळखतात असं सांगत. खरं-खोटं देव जाणे. एका बांधकामावरच्या चौकीदारानं त्यांना चोर समजून काठी दाखवली, तेव्हा वहिनींनी मला फोन केला, तुम्ही येऊन समजावा म्हणून. मी मीटिंग आहे म्हणून सांगितलं. मीटिंग नव्हती.

भाऊंच्या तेरवीला गेलो तेव्हा वहिनी आत पोळ्यांच्या परातीशी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच बोलल्या. शेवटचे तीन उन्हाळे हे गृहस्थ न चुकता एकदा त्या गावाला जायचे. भर दुपारच्या बसनं. परत यायचे ते डोकं धरून, ओठ सुकलेले, चार-चार दिवस ताप. डॉक्टरनं बजावलं होतं, उन्हात निघू नका. तरी जायचे. काय होतं हो तिथं, आता तर पाखरंही नाहीत, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नदी पाहायला जात असतील.

मागच्या उन्हाळ्यात मी निवृत्त झालो. पेन्शनचे कागद मंजूर होऊन हातात आले आणि मग, बघा, मग मला धीर आला. नोकरी जायची भीती संपल्यावर माणूस किती खरा होतो! गेलो गावात. नदीकडे गेलो नाही, हिंमत झाली नाही. कौसाबाईचं घर विचारत गेलो. भर दुपारची वेळ. ती ओसरीवर बसून लोकांची चिंच फोडत होती, मजुरीनं. केस पूर्ण पांढरे. मला आधी ओळखलं नाही. मग म्हणाली, तू त्या नकाशेवाल्यासंग येत होता.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फॉर्म, घाट हा शब्द, नावाचा रकाना. भाऊंना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी नाहीच म्हटलं होतं, अक्षर माझं होतं. बोलताना मला, काय सांगू, बरं वाटत होतं. वाटत होतं, ही आता मला शिव्या देईल, मी त्या घेईन, आणि भाऊंचं नाव धुतलं जाईल.

तिनं शिव्या दिल्या नाहीत. हातातली चिंच खाली ठेवली.

"तो आला होता," ती म्हणाली. "तीन उन्हाळे. इथंच उभा राहे, तू उभा हायेस तिथं. म्हने, माया हातून झालं, माफ कर वं कौसाबाई. मी काई बोलोच नाई. घंटाभर उभा राहून निंघून जाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पानी मांगे तो. एवढ्या तपनीत आलेला मानूस. तीन सालं मी त्याले पानी नाई देल्लं गा."

मी म्हटलं, बाई, तुमचा काय दोष, तुम्हाले कुठं माहीत होतं.

"आता माहीत झालं ना," ती म्हणाली. "तुले बरं वाटलं असन सांगून. मी आता याचं काय करू?"

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली. रांजणाचं झाकण सरकल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं पाण्याचा गिलास माझ्यापुढे धरला. "घे," म्हणाली. "आता मले कोनालेच नाई म्हनता येत नाई."

खूप ऊन होतं. बसमधून उतरल्यापासून घशाला कोरड पडली होती. मी तो गिलास घेतला आणि सगळं पाणी प्यालो.